मांजराच्या अंगावरचा गुंता

पावसाळा सरत आला की मांजरांच्या केसांबद्दलची पत्रं वाढतात. चार महिने दमट हवेत काढलेले केस आणि त्यावर ऑक्टोबरच्या उन्हात सुरू होणारी केसगळ, दोन्ही एकदम येतं. या वेळी आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न एकसारखे होते, म्हणून निवडक घेतले आहेत. दोन गोष्टी मात्र सगळ्यांसाठी आधीच सांगतो. गुंता काढायला कात्री हातात घेऊ नका, आणि अंगावर गुंता असेल तोवर आंघोळ घालू नका. कारणं पुढे येतीलच.

प्रश्न : आमचा पर्शियन बोका चार वर्षांचा आहे. कानांमागे, दोन्ही काखांत आणि पोटावर केसांचे गोळे झालेत. कंगवा लावला की चावायला येतो. घरी काही करता येईल का, की सरळ डॉक्टरांकडे न्यावं? (कोथरूड)

उत्तर : आधी कंगवा बाजूला ठेवा आणि बोटांनी तपासा. बोका जेवून सुस्तावलेला असताना एकेक गोळा चिमटीत धरून बघा. गोळ्याच्या आणि कातडीच्या मधे बोट जातं का? केस मुळाशी मोकळे दिसतात का? बोटांनी गोळा सैल होत असेल तर तो कंगव्याने सुटेल. गोळा घट्ट आहे, पण खाली थोडे मोकळे केस आहेत, तर तिथे क्लिपरचं (केस कापायच्या यंत्राचं) काम. आणि बोट आतच शिरत नाही, गोळा हलवला की कातडीच त्याच्याबरोबर हलते, तर तो घरचा विषय नाही.

बोका चावतो तो स्वभावाने नाही. मांजराच्या कातडीतल्या एकेका छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्याभोवती बारीक, लोकरीसारख्या केसांचा पुंजका येतो. हे बारीक केस गळतात, पण लांब केसांच्या मांजरात ते खाली पडत नाहीत, वरच्या केसांत अडकून राहतात. काखेत प्रत्येक पावलाला घासण होते, चाटल्याने लाळ लागते आणि गोळा रोज थोडा आवळत जातो. घट्ट ओढून घातलेल्या वेणीने डोकं दुखतं ना, तसं त्याचं दिवसभर चाललेलं असतं. त्यात आपण कंगवा घालून ओढतो.

आता कानांमागचे गोळे. हे बहुतेक वेळा सुटतात. सामान थोडंच लागतं : अर्ध्या भागात विरळ आणि अर्ध्या भागात दाट दाते असलेला स्टीलचा कंगवा (दात्यांची टोकं गोल हवीत), स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर, आणि बोक्याला जे खाऊन भान राहत नाही ते काहीतरी. चाटायची पेस्ट मिळते ती चालेल, किंवा मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या चिकनचे दोरे. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक असतो, तेव्हा घरच्या रश्श्यातला तुकडा नको.

गोळ्यावर पाव चमचा कॉर्नफ्लोअर टाका आणि बोटांनी आतपर्यंत चोळा. केसांतला तेलकटपणा ते ओढून घेतं आणि केस एकमेकांवरून सरकायला लागतात. कानाजवळ टाकताना आधी तळहातावर घेऊन मग लावा, वरून भुरभुरू नका, नाकात जातं. टाल्कम पावडर वापरू नका. तिची धूळ फुप्फुसांना वाईट आणि उरलेली तो चाटणार.

मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी गोळ्याचं मूळ कातडीलगत पकडा. सगळं काम या पकडीवर अवलंबून आहे. ओढ बसली तर ती तुमच्या बोटांना बसली पाहिजे, कातडीला नाही. उजव्या हाताने कंगव्याच्या कोपऱ्यातला एकच दाता गोळ्याच्या बाहेरच्या टोकात घाला आणि ३-४ मिलिमीटर एवढाच भाग उकला. तो सुटला की थोडं आत. मुळापासून सुरुवात केली तर सगळा गुंता टोकाशी जाऊन आणखी आवळतो. गोळा मोठा असेल तर कंगव्याआधी बोटांनी पिंजा : केसांच्या दिशेने उभा दुभागा, मग अर्ध्याचे पुन्हा दोन. कापूस पिंजतात तसं, आडवं फाडायचं नाही.

एका बैठकीला पाच मिनिटं आणि एक, फार तर दोन गोळे. शेपटीचं टोक आपटू लागलं, पाठीवरची कातडी थरथरली, कान आडवे झाले किंवा खाणं सोडून तो तुमच्या हाताकडे बघू लागला की त्याच क्षणी थांबायचं. गुरगुरण्याची वाट बघणं म्हणजे उशीर. मानेची कातडी धरून दाबून ठेवलंत तर आजचा गोळा निघेल, पण उद्यापासून तो कंगवा बघून पलंगाखाली जाईल. आणि चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराच्या सुळ्यांची जखम वरून बारीक आणि आत खोल असते, ती फार लवकर चिघळते. रेबीजच्या लशीचा निर्णयही डॉक्टरच घेतील.

क्लिपर वापरायचा तर प्राण्यांसाठीचा, १० नंबरच्या पात्याचा घ्या. हे पातं साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. दाढीचा ट्रिमर मांजराच्या बारीक केसांत अडकतो आणि ओढतो. पात्यावर प्लॅस्टिकची टोपी लावून ते गोळ्याखाली शिरत नाही. पातं कातडीवर सपाट टेकवायचं, टोक खाली रुतवायचं नाही. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची आणि गोळ्याच्या खालून थोडं थोडं पुढे सरकायचं. दर दोन मिनिटांनी पातं आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. चटका जाणवला तर बंद करून गार होऊ द्या, कारण भाजलेली कातडी केसांखाली दुसऱ्या दिवशी दिसते. क्लिपर आणल्या दिवशीच अंगाला लावू नका. दोन-तीन दिवस जेवणाच्या वेळी शेजारच्या खोलीत नुसता चालू ठेवा, आवाजाची सवय होऊ द्या.

काखा आणि पोटाचे गोळे मात्र तुम्ही स्वतः काढू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. काखेत आणि मागच्या मांडीपुढे कातडीचा सैल पडदा असतो, तो पात्याच्या दात्यांत सहज येतो. पोटावर साधारण आठ स्तनाग्रं असतात, बोक्यालाही असतात, आणि केसांखाली ती दिसत नाहीत. त्यातून तुमचा बोका चावतो. डॉक्टर गुंगी देऊन अर्ध्या तासात हे काम करतील. काही डॉक्टर दवाखान्यात आणण्याआधी घरी द्यायला गॅबापेन्टिन हे मांजराला शांत करणारं औषध लिहून देतात. त्याची मात्रा वजनावर ठरते. घरातली माणसांची झोपेची गोळी कधीही नाही. पर्शियनचं नाक चपटं असतं आणि या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, त्यामुळे गुंगीआधी तपासणी करून घ्या आणि किती तास उपाशी ठेवायचं ते त्यांनाच विचारा.

प्रश्न : गुंता भिजून मऊ होईल असं वाटून मांजरीला कोमट पाण्याने आंघोळ घातली. वाळल्यावर गाठी दगडासारख्या झाल्या. असं का झालं? (सदाशिव पेठ)

उत्तर : लोकर ओली करून, साबण लावून, रगडली की नमदा (लोकरीचं घट्ट, जाड कापड) तयार होतो. तुम्ही नकळत तेच केलंत. केसावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म थर असतात. ओलाव्याने ते उघडतात, चोळल्याने एकमेकांत अडकतात आणि वाळताना सगळा गोळा आक्रसतो.

खरी काळजी वेगळीच आहे. गोळा वरून वाळला तरी आत, कातडीलगत, ओल राहते. पुण्याच्या पावसाळी हवेत ती दोन दोन दिवस जात नाही. खालची कातडी पांढुरकी, लिबलिबीत होते, जंतू वाढतात, आणि घाण वास सुटला की माशा तिथे अंडी घालतात. अळ्या पडलेली मांजरं दवाखान्यांत याच दिवसांत येतात. म्हणून आज पहिलं काम म्हणजे गाठींचा वास घ्या. कुबट किंवा आंबट वास येत असेल, कडेची कातडी लाल-ओली दिसत असेल, तर सोडवत बसू नका, आजच डॉक्टरांकडे जा. वास नसेल, कातडी कोरडी असेल, तर वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे कॉर्नफ्लोअर आणि चिमटीने तपासणी. दगडासारखी झालेली गाठ सहसा सुटत नाही, ती क्लिपरनेच निघते.

आंघोळ हवीच असेल तर सगळा गुंता निघाल्यावर. आधी पूर्ण अंगावरून कंगवा फिरला पाहिजे. मांजराचा शॅम्पू पाण्यात पातळ करून घ्या आणि केसांच्या दिशेनेच हात फिरवा, आपण डोकं चोळतो तसं गोल नाही. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर साबण लवकर निघत नाही, जास्त वेळ धुवा. टॉवेलने दाबून टिपा, खसाखसा पुसू नका. मग मंद गरम हवेत, कंगवा फिरवत, मुळापर्यंत वाळवा. मांजर आपणहून वाळेल म्हणून सोडून दिलं तर पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा हेच पत्र लिहाल.

प्रश्न : खोबरेल तेल लावून गुंता सोडवला तर? (धनकवडी)

उत्तर : सैल गुंत्याला त्याने थोडी मदत होते, पण घट्ट गोळ्यात ते शिरत नाही. केस तेलकट राहतात, त्यांना धूळ चिकटते, मांजर ते चाटतं आणि जुलाब होतात. शिवाय तेल काढायला आंघोळ आली. कॉर्नफ्लोअर त्यापेक्षा बरं. सुगंधी तेलं, विशेषतः टी ट्री, मांजराला विषारी आहेत. थेंबभरसुद्धा नको.

प्रश्न : शेपटीजवळची गाठ कात्रीने कापताना कातडी कापली गेली. जखम बोटाच्या पेराएवढी आहे, रक्त फार नाही. हळद लावून ठेवली आहे. पुरेसं आहे का? (औंध)

उत्तर : नाही. आजच टाके घालायला न्या, शक्यतो सहा-आठ तासांत. रक्त कमी आलं म्हणून जखम लहान समजू नका. मांजराची कातडी २ मिलिमीटरपेक्षाही पातळ आणि खूप ताणणारी असते. कापली की कडा लांब सरकतात आणि आतला भाग उघडा राहतो.

जाईपर्यंत अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात पाऊण चमचा मीठ विरघळवा आणि त्याने जखम धुवा. हळदीचे कण त्यात निघतील तेवढे निघू देत. वर स्वच्छ सुती कापड धरा आणि चाटू देऊ नका. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं जंतुनाशक मांजराला लावायचं नाही. त्यातली रसायनं त्याच्या यकृताला पचत नाहीत. पॅरासिटामॉल तर कुठल्याही रूपात नको, अर्ध्या गोळीनेही मांजर दगावतं.

कात्रीबद्दल एवढं का सांगतो, तेही बघा. गाठ धरून वर उचलली की तिच्याबरोबर कातडीचा तंबू वर येतो. केसांच्या आत तो दिसत नाही. गाठीचं टोक आणि कातडी यांत फरक न कळता कात्री त्या तंबूतून जाते. कंगवा मधे घालून त्यावरून कापा असा सल्ला दिला जातो, पण घट्ट गाठीखाली कंगवा जातच नाही, आणि जिथे जातो तिथली गाठ कात्रीशिवायही सुटते.

प्रश्न : आमची मांजर साधीच, आखूड केसांची, तेरा वर्षांची. आयुष्यात कधी गुंता झाला नव्हता. गेल्या तीन महिन्यांत पाठीवर, शेपटीच्या वरच्या भागात केसांचे चपटे पापुद्रे झालेत आणि कोंडाही आहे. कोणता ब्रश घ्यावा? (कर्वेनगर)

उत्तर : ब्रश नंतर घ्या, आधी वेळ घेऊन तपासणी करा. या अंकातल्या पत्रांपैकी तुमचं पत्र आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण तुमच्या घरी प्रश्न केसांचा नाही.

आखूड केसांचं मांजर दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवतं आणि गळलेले केस त्याची खरखरीत जीभच उचलून नेते. पाठीच्या त्याच भागात, शेपटीच्या वर, पापुद्रे झाले याचा अर्थ जीभ तिथे पोहोचत नाही. पोहोचायला कंबर आणि मणके वळावे लागतात. बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांच्या सांध्यांत झीज झालेली असते आणि ती लंगडत नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाही. घरी बघा : खिडकीत एका उडीत जायची ती आता आधी खुर्चीवर चढते का? जिना उतरताना थांबते का? शी-शूच्या डब्याची कड ओलांडायला टाळून बाहेरच बसते का? नख्या लांब होऊन चादरीत अडकतात का? यातलं एक जरी असलं तरी डॉक्टरांना तेच शब्दांत सांगा, आणि जमलं तर मोबाइलवर तिच्या उडीचा व्हिडिओ दाखवा. दवाखान्यात भेदरलेलं मांजर लंगडत नाही.

दुसरी शक्यता वजनाची. लठ्ठ मांजर तिथवर वळूच शकत नाही. तिसरी, दातांची : हिरड्या दुखत असतील तर चाटणं सगळीकडूनच कमी होतं, तोंडाला वास येतो, लाळ गळते. आणि मग आतले आजार. वजन घटतंय पण भूक वाढली आहे, रात्री मोठ्याने ओरडते, तर थायरॉइड वाढलेलं असू शकतं. पाणी जास्त पिते, शू जास्त करते, तर मूत्रपिंड किंवा मधुमेह. या वयाला रक्त आणि लघवीची तपासणी आणि रक्तदाब हे करून घ्यावंच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मावत नसेल तर तुम्ही तिला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. दर पंधरा दिवसांचा आकडा लिहून ठेवलात तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

खाण्याबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे अनेक घरांत म्हाताऱ्या मांजरीला दूध-पोळीवर ठेवतात. ‘खाते तेवढं खाऊ दे’ म्हणून. केस जवळजवळ पूर्ण प्रथिनांचे बनतात आणि मांजर मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल तिला मांसातूनच मिळतं. पोळीने पोट भरतं आणि केस निस्तेज होतात. मूत्रपिंडाचा त्रास निघाला तर आहार डॉक्टर ठरवतील, तोवर स्वतःहून बदल करू नका.

पापुद्र्यांचं काय? ते आखूड केसांचे असल्याने बहुधा चपटे आणि सैल असतील. कॉर्नफ्लोअर लावून, दाट दात्यांच्या कंगव्याने, ती आडवी झालेली असताना रोज दोन मिनिटं. पाठीच्या कण्यावरून दाब देऊ नका, कडेने काढा. म्हाताऱ्या मांजरीची कातडी कागदासारखी पातळ होते, तिच्यावर क्लिपर डॉक्टरांच्याच हातून.

प्रश्न : घर टेकडीला लागून आहे. बोका फिरून येतो तेव्हा अंगभर काटेरी बिया. काढताना केसांचे पुंजके हातात येतात. (पाषाण)

उत्तर : बी कोणती आहे ते बघा, कारण प्रत्येकीची रीत वेगळी. पावसाळ्यानंतर टेकडीवर आघाडा वाळतो. गणपतीच्या पत्रीत आणि मंगळागौरीला वाहतो तोच. त्याची फळं टोकदार आणि देठाकडे झुकलेली असतात, बाजूने कोणी गेलं की केसांत रुततात. ती बोटांनी केसांच्या दिशेने सरकवत काढली तर निघतात, उलट ओढली तर रुततात. आकड्यांची गोल फळं ओढू नका. पक्कडीत धरून आधी चिरडा, आकडे मोडतात, मग तुकडे विंचरून काढा. त्याच दिवशी काढा. रात्रभर राहिली तर प्रत्येक फळाभोवती एक गोळा तयार होतो आणि सकाळी तुम्हाला बी दिसणारच नाही.

कुसळी गवताचं कुसळ मात्र जपून. त्याचं टोक बाणासारखं एकाच दिशेने पुढे जातं, कातडीतही शिरतं. बोका घरात आला की पायांच्या बोटांमधे, कानात, काखेत आणि डोळ्यांच्या कडेला रोज बघा. अचानक डोकं झटकू लागला, एक डोळा मिटून बसला किंवा पायाची बोटं सारखी चाटू लागला तर कुसळ आत गेलं असं समजा. कानातलं कुसळ घरच्या चिमट्याने काढायला जाऊ नका, पडद्याकडे सरकतं. सप्टेंबर ते डिसेंबर पोटाचे आणि मांडीमागचे केस डॉक्टरांकडून किंवा चांगल्या पार्लरमधून आखूड करून घेतले तर निम्मं काम वाचेल.

प्रश्न : मांजरीच्या मानेवर जट आली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, जट कापू नये, देवीची असते. (हडपसर)

उत्तर : माणसाच्या डोक्यावरची जट असो की मांजराच्या मानेवरची, ती न विंचरलेले केस, तेल, धूळ आणि ओलावा यांनीच बनते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी कित्येक बायकांच्या जटा त्यांना समजावून, त्यांच्या संमतीने काढल्या आहेत, आणि त्यांच्या माना हलक्या झाल्या आहेत. वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना मांजरीजवळ बसवा आणि जटेखालची कातडी बोटांनी उघडून दाखवा. ती लाल झालेली असेल, ओढली गेलेली असेल. मुक्या जिवाला होणारा त्रास डोळ्यांनी दिसला की बहुतेक घरांत परवानगी मिळते. मानेवरची जट पट्ट्यामुळे होते, तेव्हा काढल्यावर पट्टाही काही दिवस काढून ठेवा.

प्रश्न : एका पार्लरमध्ये मांजराचे सगळे केस ‘लायन कट’ करून काढले. नवे केस आले ते पाठीवर गडद तपकिरी. आधी अंग दुधासारखं होतं, फक्त तोंड, कान, पाय गडद. काही चुकलं का? (विमाननगर)

उत्तर : काही चुकलं नाही. तुमचं मांजर हिमालयन किंवा सयामी रंगाचं असावं. या मांजरांत रंग तयार करणारं विकर (एन्झाइम) उष्णतेला नाजूक असतं : कातडी गार असेल तिथेच ते काम करतं. म्हणून कान, नाक, पाय, शेपटी गडद आणि गरम धड फिकं. केस काढले की पाठ गार पडते आणि नवे केस गडद येतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र १० अंशांपर्यंत उतरते, तेव्हा कापलं तर फरक जास्त दिसतो. पुढच्या केसगळीत रंग हळूहळू परत फिका होतो. लांब केस पूर्ण यायला चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात.

उन्हाळा म्हणून निरोगी, गुंता नसलेल्या मांजराचं सगळं अंग भादरणं आम्हाला पटत नाही. तेच केस उन्हापासून वाचवतात. भादरलंच असेल तर काही आठवडे गच्चीत आणि खिडकीच्या कडक उन्हात बसू देऊ नका, आणि थंडीत अंथरूण उबदार ठेवा.

पार्लरला जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. गुंता कात्रीने काढता का? गुंगीचं औषध देता का? वाळवायला मांजराला बंद पेटीत गरम हवेखाली ठेवता का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर दुसरीकडे जा. गुंगी देण्याचं काम पशुवैद्याचंच. घरी आणल्यावर कातडी एक-दोन दिवस गुलाबी राहील. कानाचे गोळे काढलेलं मांजर डोकं जोरात झटकत असेल आणि कानाची पाळी फुगली, तर आत रक्त साठलं आहे, लगेच दाखवा. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तरीही दाखवा, उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं. आणि आठ-पंधरा दिवसांनी गोल टक्कल, खपल्या दिसल्या तर तो गजकर्णाचा संसर्ग असू शकतो. पर्शियन-हिमालयन मांजरांत तो नेहमी आढळतो आणि घरातल्या मुलांनाही होतो. इतर मांजरांचा कंगवा तोवर वेगळा ठेवा.

प्रश्न : तीन महिन्यांचं लांब केसांचं पिल्लू आणलं आहे. रोज ब्रश करतो, वरून केस रेशमासारखे आहेत. तरी मांडीमागे गाठ सापडली. (वाकड)

उत्तर : ब्रश वरवर फिरतो म्हणून. बारीक तारांचा ब्रश वरचे केस सुंदर करतो आणि खाली जाळं तसंच राहतं. विंचरण्याची रीत बदला : एका हाताने केस वर उचलून धरा, म्हणजे कातडीची एक रेघ दिसेल. त्या रेघेपासून खालच्या केसांची एक पातळ बट सोडा, मुळापासून टोकापर्यंत विरळ दात्यांनी विंचरा, मग बोटभर वर दुसरी रेघ. मांडीपासून सुरू करून पाठीकडे वर चढायचं. शेवटी दाट दाते. ते कुठेही न अडकता कातडीपासून निघाले की ती जागा झाली.

सगळं अंग रोज करायला जाऊ नका, पिल्लाला दोन मिनिटं पुष्कळ. आज मांड्या, उद्या काखा, परवा पोट आणि कानांमागे. पाठ नाही केली तरी चालेल, तिथे गुंता क्वचित होतो. लोक मात्र पाठच विंचरतात, कारण तीच मांजराला आवडते. ब्रश हातात घेतला की खाऊ, ठेवला की खाऊ बंद. पाच-सहा महिन्यांनंतर पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठे केस येऊ लागतील, त्या दिवसांत गाठी एकदम वाढतील. तेव्हा वाटून न घेता या सगळ्या जागा रोज करा. शेपटीखालचे केस शी लागण्याइतके लांब झाले तर तेवढे डॉक्टरांकडून आखूड करून घ्या.